फोटोतला पक्षी: आधी बांधा, रंग नंतर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. थंडीत झुडपात एक लहान तपकिरी पक्षी दिसला आणि त्याचे तीन फोटो हाती आले. पहिल्यात तो पानांच्या सावलीत, तोंड कॅमेऱ्याकडे करून बसला आहे. पाय फिकट दिसतात. दुसऱ्यात ऊन त्याच्या पाठीमागून येते. तिसरा खालून काढलेला, त्यात पोट आणि शेपटीची खालची बाजू एवढेच आले आहे. ओळख सांगणाऱ्या ॲपने तीन फोटोंना तीन नावे दिली: अनुक्रमे चिफचॅफ, बूटेड वॉर्ब्लर आणि ब्लिथ्स रीड वॉर्ब्लर, तिघेही लहान वटवटे. खरे कोणते मानायचे, आणि पुढच्या वेळी नेमके काय बघायचे?

तिसरे नाव बरोबर असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे, आणि ते ज्या फोटोवरून आले तो दिसायला तिघांत सर्वांत वाईट आहे. असे का, हे उलगडले की फोटोवरून पक्षी ओळखण्याचे निम्मे काम उलगडते.

पक्षी प्रत्यक्ष समोर असतो तेव्हा आपण नकळत कितीतरी गोष्टी टिपत असतो. तो शेपटी खाली झटकतो की वर उडवतो, जमिनीवर चालतो की टुणटुण उड्या मारतो, पानाच्या वरून किडे उचलतो की खालून, आवाज कसा काढतो. फोटोत यातले काहीच उतरत नाही. उतरतो तो सेकंदाचा हजारावा हिस्सा, एका कोनातून, एका उजेडात. म्हणून फोटोतल्या कोणत्या पुराव्यावर किती भरवसा ठेवायचा, याची उतरंड मनात पक्की हवी. सर्वांत वर शरीराची प्रमाणे: चोच, पंख, शेपटी, पाय यांची एकमेकांशी तुलना. त्याखाली नक्षी: भुवई, पट्ट्या, ठिपके कुठे आहेत आणि कुठे नाहीत. त्याखाली रंग. आणि अगदी तळाशी आकारमान. नवशिके बहुतेक वेळा ही उतरंड उलटी धरतात. ‘चिमणीपेक्षा लहान, पिवळसर’ असे वर्णन घेऊन शोध सुरू होतो आणि पहिल्याच वळणावर चुकतो.

रंग कुठे फसवतो

हिरव्या पानांच्या गर्दीत बसलेल्या पक्ष्यावर पानांतून गाळून आलेला आणि पानांवरून परतलेला हिरवट उजेड पडतो. पांढरे पोट त्यात हिरवट-पिवळे होते. सूर्य मावळतीला असताना हाच पक्षी बदामी, तांबूस दिसतो. लाल मातीच्या बांधावर बसला तर पोटाला मातीची झाक येते. डोळा हे सगळे आपोआप सावरून घेतो. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग आपोआप जुळवणारी सोय, मात्र प्रत्येक फ्रेमला वेगळा अंदाज बांधतो, आणि एकाच पक्ष्याचे लागोपाठचे दोन फोटो दोन रंगांचे निघतात. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, ठेवली तर हे नंतर सावरता येते. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर स्थिर ठेवला तर निदान सगळ्या फ्रेमना एकच चूक लागते आणि तुलना करता येते.

काही रंग तर पिसात रंगद्रव्य म्हणून नसतातच. खंड्याचा निळा, सूर्यपक्ष्याची जांभळी-हिरवी झळाळी हे पिसांच्या सूक्ष्म रचनेतून परतणाऱ्या प्रकाशाचे काम आहे. सूर्यपक्ष्याच्या झळाळीला उजेडाचा कोन लागतो. तो जुळला नाही तर जांभळा सूर्यपक्षी नुसता काळा दिसतो, आणि मग त्याला भलतेच नाव मिळते.

पाठीमागून उजेड असलेल्या फोटोत दोन उलट चुका होतात. पक्षी काळवंडतो, किंवा तो उजळवायला गेलो की पिसांच्या कडा धुऊन निघतात आणि जिथे पट्टी नाही तिथे पट्टी दिसते. आकाशाच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या पक्ष्याच्या कडेला जांभळी किंवा हिरवी रेघ दिसली तर ती बहुधा लेन्सची आहे. जेपीईजी फाइलमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा ढोबळ साठवली जाते, त्यामुळे डोळ्याभोवतीच्या बारीक पिवळ्या कड्यासारख्या खुणा लहान फोटोत आजूबाजूच्या रंगात मिसळून नाहीशा होतात. कडे दिसले तर ते आहे. दिसले नाही म्हणून ते नाही, असे लहान फोटोवरून म्हणता येत नाही.

एक खूण बाहेरून चिकटलेलीही असू शकते. फुलांत तोंड घालणाऱ्या पक्ष्यांच्या कपाळावर आणि गळ्यावर पराग बसतो. बुलबुलाच्या किंवा पर्णवटवट्याच्या कपाळावरचा झगझगीत पिवळा ठिपका कोणत्याही पुस्तकात सापडत नसेल तर आधी आसपास काय फुलले होते ते आठवावे.

नक्षीतल्या खोट्या रेघा

आता बहुतेक फोटो फोनमध्ये किंवा संगणकावर ‘सुधारून’ येतात. शार्पनिंग जास्त झाले की प्रत्येक पिसाच्या कडेला गडद-फिकट जोडरेघ तयार होते आणि साध्या छातीवर रेघा उमटल्यासारख्या दिसतात. नॉइज कमी करणारी साधने उलट करतात: खऱ्या बारीक रेघा पुसून छाती गुळगुळीत करतात. फोटो मोठा करून तपशील ‘भरणारी’ साधने तर तिथे नसलेली पिसे घडवतात. ओळखीसाठी यातले काहीही वापरू नये. कापावा, गरज असेल तर उजळवावा, एवढेच. फोनच्या डिजिटल झूमने काढलेल्या फोटोत हे फेरफार आधीच झालेले असतात, म्हणून तिथे नक्षीपेक्षा बाह्याकृतीवरच थांबावे.

ढोबळ हिशेब असा ठेवता येतो: मूळ फाइलमध्ये पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत शंभरेक पिक्सेलपेक्षा लहान असेल तर फक्त आकृती आणि ठळक रंगपट्टे वाचावेत. भुवई, डोळ्याची रेघ, पिसांच्या कडा वाचायच्या तर नुसते डोके शंभर पिक्सेलच्या पुढे हवे, आणि तेही नेमके फोकसमध्ये.

आकारमान आणि आकार

लांब पल्ल्याची लेन्स पुढचे-मागचे अंतर चेपते. दोन पक्षी शेजारी दिसतात, प्रत्यक्षात एक दुसऱ्यापेक्षा दहा मीटर मागे असतो. दोघे एकाच फांदीवर किंवा पाण्याच्या एकाच रेषेत आणि सारखेच फोकसमध्ये असतील तरच आकारमानाची तुलना करावी. एकट्या पक्ष्याचे आकारमान फोटोवरून सांगता येत नाही. ज्याची लांबी-रुंदी माहीत आहे अशी वस्तू, उदाहरणार्थ तो बसलेल्या झाडाचे पान, सोबत असेल तर थोडा आधार मिळतो.

आकारही बदलतो. गारठ्यात पिसे फुलवून बसलेला पक्षी मान नसलेला चेंडू होतो. तोच घाबरून पिसे अंगाला चिकटवतो तेव्हा उंच आणि बारीक. म्हणून जाडेपणा-बारीकपणा ही प्रमाणांत धरायची गोष्टच नव्हे. धरायची ती हाडांची आणि मोठ्या पिसांची मापे: चोच, पाय, मिटलेला पंख, शेपटी.

उडत्या पक्ष्याचे आणखी वेगळे. घारीची शेपटी खाचेची, हे सगळ्यांना माहीत असते. पण वळताना तिने शेपटी पूर्ण पसरली की खाच नाहीशी होऊन कड सरळ दिसते. नेमक्या त्याच क्षणाचा फोटो असला की ‘ही घार नव्हे’ असा निष्कर्ष निघतो. ब्राह्मणी घारीचे तरुण पक्षी तपकिरीच असतात आणि त्यांची शेपटी गोल असते, त्यामुळे इथे गोंधळ दुहेरी होतो. उपाय एकच, एका फ्रेमवर निर्णय घेऊ नये. शेपटी मिटलेली, अर्धी उघडी आणि पूर्ण उघडी अशा तीन फ्रेम असतील तर शंका राहत नाही. मिररलेस कॅमेऱ्याचा इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचतो. काही कॅमेऱ्यांत हे वाचन एवढे मंद असते की फडफडणारा पंख वाकडा उमटतो. उडत्या पक्ष्यासाठी मेकॅनिकल शटर असेल तर तोच वापरावा.

बघायचे काय, आणि कोणत्या क्रमाने

नाव शोधण्याआधी गट ठरवा. पाकोळी (स्विफ्ट) की भिंगरी (स्वॅलो), हा पहिल्या पायरीचा चांगला नमुना आहे. पाकोळीचे पंख कोयत्यासारखे लांब आणि त्यांचा ‘कोपरा’ अंगाला अगदी लागून. भिंगरीचे पंख बुडाशी रुंद, त्रिकोणी. आणि पक्षी तारेवर बसलेला असेल तर तो पाकोळी नाहीच, कारण पाकोळ्यांचे पाय उभ्या पृष्ठभागाला लटकण्यासाठी असतात. उघड्या काटकीवर ऐटीत बसणारी तुरेवाली पाकोळी वेगळ्या कुळातली आहे.

गट ठरला की चोच. तिची लांबी मिलिमीटरमध्ये कळत नाही, पण डोक्याच्या तुलनेत कळते. डोके पूर्ण बाजूने दिसत असेल तरच हे माप घ्यावे. तोंड थोडे जरी कॅमेऱ्याकडे वळलेले असेल तर चोच आखूड दिसते, आणि ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. चिखलात वावरणाऱ्या लेसर आणि ग्रेटर सँड प्लोव्हरमध्ये हेच माप निर्णायक ठरते. चोचीच्या बुडापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचे अंतर घ्या. चोच साधारण तेवढीच असेल तर लेसर, स्पष्टपणे जास्त असेल तर ग्रेटर. बगळ्यांत चोचीपेक्षा तिची फट बघावी. मोठ्या बगळ्याच्या तोंडाची रेघ डोळ्याच्या मागे जाते, मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच संपते. चोचीच्या रंगावर जाऊ नये, कारण विणीच्या हंगामात दोघांचीही चोच काळी होते आणि मग छोट्या बगळ्याचा भास होतो. छोट्या बगळ्याची बोटे पिवळी असतात, पण तो चिखलात उभा असला की ती दिसत नाहीत.

पाणकावळ्यांत डोळा उपयोगी पडतो. छोट्या पाणकावळ्याचा डोळा गडद आणि चोच आखूड. इंडियन कॉर्मोरंटची चोच लांब, सडपातळ आणि डोळा निळसर-हिरवा. हे दूरच्या फोटोतही अनेकदा निभावते.

मग मिटलेला पंख. लहान तपकिरी पक्ष्यांत याच्याइतका खात्रीचा पुरावा दुसरा नाही, म्हणून हे नीट समजून घ्यावे. बसलेल्या पक्ष्याच्या पंखावर, पाठीला लागून, एकावर एक रचलेली काही रुंद पिसे दिसतात. त्यांना टर्शियल म्हणतात. त्यांच्या टोकांपलीकडे शेपटीच्या दिशेने काही अरुंद पिसांची टोके डोकावतात, ती प्रायमरी. डोकावणाऱ्या भागाची लांबी टर्शियलच्या दिसणाऱ्या लांबीशी ताडून बघायची. ब्लिथ्स रीड वॉर्ब्लरमध्ये तो भाग अर्ध्या ते दोन-तृतीयांशाच्या आसपास भरतो. त्याच्याशी हुबेहूब जुळणाऱ्या युरेशियन रीड वॉर्ब्लरमध्ये तो दोन-तृतीयांशापासून जवळजवळ पूर्ण लांबीपर्यंत जातो. पंख सैल लोंबत असेल, पक्षी पंख साफ करत असेल किंवा पिसे झडत असतील तर हे माप घेऊ नये.

पाय विसरले जातात, कारण ते फांदीआड असतात. पण धोब्यांत पायांवरून वाद मिटतो. करड्या धोब्याचे पाय गुलाबीसर, पिवळ्या धोब्याचे काळे. दोघांच्याही अंगावर पिवळा रंग असल्याने नवखे लोक पिवळेपणाच मोजत बसतात. चिफचॅफचे पाय आणि चोच काळी असते. ग्रीनिश वॉर्ब्लरची खालची चोच फिकट असते, आणि पंखावर एक बारीक फिकट पट्टी असते. ती पट्टी झिजून दिसेनाशी होऊ शकते, चोच मात्र झिजत नाही.

पायांचे महत्त्व पावशा आणि शिक्रा यांच्या जोडीत सर्वांत चांगले कळते. पावशाचा करडा रंग, पोटावरचे आडवे पट्टे, शेपटीवरच्या पट्ट्या, उडण्याची ढब, सगळे शिक्र्याची आठवण करून देते. नक्षीवर विसंबणारा इथे हमखास फसतो. शिक्र्याची चोच बुडापासूनच खाली वळलेली, आकडीदार. पाय लांब, नख्या शिकाऱ्याच्या. पावशाची चोच जवळजवळ सरळ, पाय आखूड, दोन बोटे पुढे आणि दोन मागे, डोळ्याभोवती पिवळे कडे. फोटोत चोच आणि एक पाय स्पष्ट असेल तर बाकी काही बघावेच लागत नाही.

नक्षी वाचताना डोक्यापासून सुरुवात करा: डोक्याच्या मध्यावर पट्टी आहे का, भुवई आहे का, असल्यास डोळ्याच्या पुढेच आहे की मागेही जाते, डोळ्यातून रेघ जाते का, मिशीसारखी रेघ आहे का. नंतर गळा, छाती, कुशी, शेपटीखालची पिसे. वर पाठ, कंबर, पंखपट्ट्या. शेवटी शेपटीच्या बाहेरच्या पिसांचा रंग. धोब्यांतली सोपी खूण याच वाचनात सापडते. पांढऱ्या भुवईच्या मोठ्या धोब्याचे कपाळ काळे असते. पांढऱ्या धोब्याचे कपाळ पांढरे असते.

तुतारींत (पाणथळीतल्या सँडपायपर पक्ष्यांत) उडता फोटो बसलेल्यापेक्षा जास्त सांगतो. सामान्य तुतारी बसलेली असतानाही पंखाच्या पुढे, खांद्याजवळ, पोटाचा पांढरा रंग पाचरीसारखा वर घुसलेला दिसतो. उडाली की पंखावर पांढरी पट्टी, कंबर तपकिरी. हिरव्या तुतारीची कंबर पांढरी आणि पंखाची खालची बाजू काळपट. ठिपकेवाल्या तुतारीचीही कंबर पांढरी, पण पंखाखाली फिकट, आणि पाठीवर जास्त ठळक ठिपके. म्हणून तुतारी उडून जाताना काढलेली हललेली फ्रेम खोडू नये. ती सुंदर नसते, पण पंखाखालचा रंग तीच दाखवते.

शिकारी पक्ष्यांत आकाशात घिरट्या घालताना पंखांच्या टोकाची सुटी ‘बोटे’ मोजतात. शिक्र्याला पाच, युरेशियन स्पॅरोहॉकला सहा. मोजणी दोन्ही पंखांवर करावी. पंख पूर्ण ताणलेला नसेल किंवा एखादे पीस झडून नवे उगवत असेल तर एक बोट कमी भरते.

वय, लिंग, हंगाम

‘पुस्तकात हा पक्षी नाहीच’ असे वाटले की दहातल्या बहुतेक वेळा पक्षी नेहमीचाच असतो, त्याचा पेहराव वेगळा असतो. मुनियांची पिल्ले सगळी साधी तपकिरी असतात. आईबापांशिवाय दिसली तर ‘मुनिया’ एवढेच लिहावे. जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर विणीच्या हंगामाबाहेर मादीसारखा पिवळसर होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी तेवढी राहते. सुगरणीची मादी आणि घरचिमणीची मादी यांच्यात गल्लत होते. तिथे सुगरणीची जाड, शंकूसारखी चोच आणि आखूड शेपटी बघावी.

पिसे झिजतात हेही लक्षात घ्यावे. नव्या पिसांना फिकट कडा असतात. काही महिन्यांत त्या घासून जातात आणि पक्षी गडद, एकसारखा दिसू लागतो. अंगावर वेडेवाकडे पांढरे डाग असतील तर तो पिसांतल्या रंगाचा दोष असण्याची शक्यता आधी तपासावी. अशा पक्ष्याचा डोळा नेहमीच्या रंगाचा असतो. पूर्ण पांढरा पक्षी आणि गुलाबी डोळा असेल तरच अल्बिनो म्हणावे. पिंजऱ्यातून सुटलेले पक्षीही दिसतात. भलत्याच ठिकाणचा पक्षी माणसाला न बुजता वावरत असेल, शेपटीची पिसे तुटलेली असतील, तर हा प्रश्न विचारायलाच हवा.

ओळख पटेल असा फोटो

बसलेल्या लहान चंचल पक्ष्याला शटर १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवा, उडत्याला १/२००० ते १/३२००. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर सोडला तरी चालेल. दाणेदार फोटो ओळखता येतो, हललेला बहुधा येत नाही. कॅमेऱ्याचा मीटर सगळे दृश्य मध्यम करड्यावर आणू पाहतो. म्हणून उजळ आकाशासमोरच्या पक्ष्याला एक्स्पोजर +१ ते +२ वाढवावे, आणि गडद पाण्यावरच्या बगळ्याला साधारण १ ने घटवावे. बगळ्याची पांढरी पिसे एकदा जळाली की रॉ फाइलमधूनही परत येत नाहीत. फोकसचा एकच लहान बिंदू डोळ्यावर ठेवावा. काटक्यांच्या गर्दीत मोठे फोकसक्षेत्र हमखास पुढची काटकी पकडते.

दुपारी तापलेल्या जमिनीवरून किंवा पाण्यावरून काढलेले फोटो मऊ येतात आणि दोष लेन्सला दिला जातो. खरे कारण हलणारी गरम हवा आहे, आणि ती कोणत्याही लेन्सने सावरत नाही. सकाळी यावे किंवा अंतर कमी करावे.

पहिला फोटो दुरूनच घ्यावा, म्हणजे निदान नोंद राहते. मग बाजूने, पाठीमागून, पोटाकडून, पाय दिसतील असा, आणि उडताना. प्रत्येक वेळी पाच-दहा फ्रेमची झड. आजूबाजूच्या अधिवासाचा एक फोटो फोनवर घ्यावा, आणि पक्षी बोलत असेल तर अर्ध्या मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करावा. लहान वटवट्यांत हा आवाज सगळ्या फोटोंवर भारी पडतो. कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर आहे ना, हे आधीच तपासावे. तारीख चुकली की स्थलांतरित पक्ष्यांचा सगळा तर्क चुकतो. ओळख पटेपर्यंत एकही फ्रेम खोडू नये.

पक्षी खाणे थांबवून एकटक बघू लागला, सतत इशाऱ्याचे आवाज काढू लागला किंवा चोचीत भक्ष्य धरून घरट्याकडे जायचे टाळू लागला तर आपण फार जवळ आहोत. तिथून मागे सरावे. आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढू नये, आणि घरट्याचे ठिकाण कुठेही टाकू नये. नाव कळण्यासाठी अंड्यांवरून उठलेल्या पक्ष्याची किंमत मोजणे कोणत्याही नोंदीला परवडणारे नाही.

ॲपचा उपयोग

मर्लिन किंवा आयनॅचरलिस्ट यांना फोटो दिला की ते शिकलेल्या लाखो फोटोंशी त्याचे साम्य बघतात. पार्श्वभूमी, उजेड, पक्ष्याचा कोन या सगळ्याचा त्यात वाटा असतो. ठिकाण आणि तारीख चुकीची दिली, किंवा दिलीच नाही, तर हजारो किलोमीटर दूर राहणारे जुळे पक्षीही यादीत येतात. एका फोटोऐवजी वेगवेगळ्या कोनांचे तीन-चार फोटो वेगवेगळे द्यावेत. चारही वेळा एकच नाव आले तर ते तपासायला घ्यावे; वेगवेगळी आली तर त्या नावांची यादी हीच ॲपची खरी मदत. मग त्या यादीतल्या प्रत्येकाला बाद करणारी खूण आपण शोधायची. ‘हा अमुक आहे’ याचे पुरावे जमवण्यापेक्षा ‘हा तमुक का नाही’ हे लिहिता आले की ओळख टिकते.

खूण सापडलीच नाही तर जातीपर्यंत जाऊ नये. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ‘वॉर्ब्लर, जात अनिश्चित’ किंवा ‘अमुक अथवा तमुक’ अशी नोंद करता येते, आणि ती कमी दर्जाची नोंद नाही. आयनॅचरलिस्टवर जातीच्या नावावर ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त जणांचे एकमत झाले की नोंद संशोधनयोग्य ठरते. पण दुसरा माणूस नुसते पहिल्याचे नाव पाहून होकार देत असेल तर एकमताला अर्थ उरत नाही. होकार देताना कोणत्या खुणेवरून, ते दोन शब्दांत लिहावे.

इतरांना विचारताना मूळ फाइल द्यावी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास मूळ फाइल जाते. कॅमेऱ्याच्या पडद्याचा फोनने काढलेला फोटो शक्यतो टाळावा. सोबत तारीख, वेळ, ढोबळ ठिकाण, अधिवास, पक्षी काय करत होता आणि आवाज कसा होता, एवढे लिहावे.

आता त्या तीन फोटोंकडे

पहिल्या फोटोला चिफचॅफ नाव का मिळाले असेल, ते आता दिसते. पानांच्या सावलीतला हिरवट उजेड, आणि तोंड कॅमेऱ्याकडे असल्याने आखूड, बारीक भासणारी चोच. पण त्याच फोटोत पाय फिकट आहेत, आणि चिफचॅफचे पाय काळे असतात. सावलीत काळे पाय फिकट दिसायचे काही कारण नाही. ते नाव तिथेच बाद.

दुसऱ्या फोटोत मागून येणाऱ्या उजेडाने पक्षी मातकट-फिकट झाला आहे, म्हणून बूटेड वॉर्ब्लर. त्याची भुवई डोळ्याच्या मागेही नीट जाते आणि वरून तिला गडद कड असते, चोच आखूड. ब्लिथ्समध्ये भुवई डोळ्याच्या पुढे फुगीर असते आणि मागे लवकर विरते. चोच लांब, खालची बाजू फिकट. दुसरा फोटो मूळ रॉमधून साधारण दोन स्टॉप (म्हणजे चौपट) उजळवून फक्त भुवईकडे बघावे.

तिसरा फोटो उजेड-रंग सगळे सोडून रचना दाखवतो. शेपटीचे टोक गोलाकार आहे आणि शेपटीखालची फिकट पिसे लांबवर, शेपटीच्या टोकाकडे पोचलेली आहेत. ही रीड वॉर्ब्लर गटाची ठेवण. बूटेडची शेपटी चौकोनी कापल्यासारखी असते, खालची पिसे आखूड असतात आणि शेपटीच्या बाहेरच्या पिसांना फिकट कडा असते. गट ठरला. त्या गटातला क्लॅमरस रीड वॉर्ब्लर बराच मोठा आणि जाड, लांब चोचीचा असतो. पॅडीफील्ड वॉर्ब्लरची भुवई ठळक, डोळ्यामागेही रुंद आणि वरून गडद कडेची असते, चोच आखूड. हे दोघे दुसऱ्या फोटोतल्या डोक्यावरून बाद करता येतील. बाद झाले तर ब्लिथ्स रीड वॉर्ब्लर हेच नाव लिहावे, आणि भुवई वाचता आली नाही तर ‘रीड वॉर्ब्लर, जात अनिश्चित’.

हा पक्षी थंडीभर आपले झुडूप सहसा सोडत नाही. दोन-तीन दिवसांत त्याच ठिकाणी सकाळी तासभर स्थिर बसलात तर दाट पानांतून ठसठशीत ‘चक्… चक्’ असा आवाज पुन्हा पुन्हा येईल. तो फोनवर घ्या, आणि या वेळी मिटलेला पंख पूर्ण बाजूने दिसेल अशी एक फ्रेम मिळवायचा प्रयत्न करा; हुबेहूब दिसणारा युरेशियन रीड वॉर्ब्लर त्यावरूनच बाद करता येईल.